बिब्बा न उतणारं घराणं

आमच्या घराण्याला बिब्बा उतत नाही, हे मला लग्न होऊन परभणीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. दुसरीकडे नव्या सुनेला कुलदैवत सांगतात, कुळाचार सांगतात. आमच्याकडे तेही सांगितलं, पण आधी बिब्बा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, बिब्बा म्हणजे काळंभोर, चपटं, लहानसं फळ. तापलेली सुई टोचली की त्यातून काळं तेल निघतं. धोबी त्याच तेलानं कपड्यावर खूण घालतो आणि कपडा फाटला तरी खूण जात नाही. अंगाला लागलं तर मात्र कातडी लाल होते, सुजते, फोड येतात, फोडांतून पाणी सुटतं. त्याला आम्ही बिब्बा उतला म्हणतो. सगळ्या जगाला उततो. फक्त आमच्या घराण्याला उतत नाही.

हे सांगणाऱ्या माझ्या सासूबाई. सासरे फार आधी गेलेले. थोरले दीर पोखर्णीला शेती पाहायचे आणि सासूबाई धाकट्या लेकाकडे, म्हणजे आमच्याकडे, परभणीत राहायच्या. सोवळं कडक, आवाज त्याहून कडक आणि मन कसं आहे हे कळायला मार्ग नाही, कारण मन दाखवणं त्यांच्या सोवळ्यात बसत नसावं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. घराण्याविषयी बोलताना त्या अशा बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, निजामसरकारचं राज्य ह्यांच्याच परवानगीनं चाललंय.

माझ्या आईनं मला गंगाखेडहून पाठवताना ट्रंकेत एक लोखंडी तवा घातला होता. "तुझी चूल झाली की ह्याच्यावर पयली भाकर टाक," असं म्हणाली होती. तो तवा चिंधीत गुंडाळलेला तसाच ट्रंकेच्या तळाशी पडून होता. कारण चूल आत्याबाईंची, तवा आत्याबाईंचा. भाकरी मी थापायची, पण पिठात मीठ त्या घालायच्या. आमचे हे जेवायला बसले की आत्याबाई समोर पाट घेऊन त्यांच्याशी बोलायच्या. मी वाढायची आणि आत वळायची. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी माझा नवरा जेवताना कसा दिसतो ते मला नीट ठाऊक नव्हतं. मला माझी स्वतःची चूल हवी होती. फार हवी होती. पण हे कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मी तव्याला सांगायची, ट्रंक उघडली की.

आमचे हे कचेरीत हंगामी पेशकार होते. म्हणजे तालुकदारसाहेबांपुढे कागद ठेवायचे, सही घ्यायची, वाळू शिंपडून शाई वाळवायची. तालुकदार म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. हे हंगामीचे मुस्तकिल, म्हणजे कायम व्हावेत आणि परभणीतच राहावेत, हा आत्याबाईंचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी पोखर्णीच्या नरसोबाला काय काय बोलून ठेवलं होतं, ते त्या दोघांनाच माहीत.

तालुकदारसाहेब हैदराबादचे, मोठ्या घरचे, विलायतेत शिकून आलेले. तिथून त्यांनी एक पदवी आणली होती आणि एक खोड. खोड म्हणजे गोल्फ. स्टेशनच्या पलीकडच्या पडीक रानात त्यांनी विटीदांडूच्या गलीसारख्या सहा गली खणवल्या होत्या. एका गलीपासून दुसऱ्या गलीपर्यंत काठीनं चेंडू मारत जायचं, एवढाच खेळ. पण आमची काळी जमीन ह्या खेळाला राजी नव्हती. पावसाळ्यात ती बुटाला धरून ठेवायची आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की चेंडू थेट पाताळात. शिपाई पालथा पडून खांद्यापर्यंत हात घालून तो शोधायचा. म्हणून खेळ काय तो थंडीत. गलीभोवती चेंडू सरळ घरंगळावा म्हणून नदीची वाळू अंथरून तिच्यावर करडईचं तेल शिंपडत. हे कळल्यावर आत्याबाई दोन दिवस तेच बोलत होत्या. "वाळूला फोडणी घालायलेत म्हनं! आन् आमी भाजीत तेल मोजून घालायचं."

हे साहेबांच्या मागून कागदांची पिशवी घेऊन चालायचे, कारण दोन गलींच्या मधल्या वेळात साहेब सह्या करत. चेंडू लांब गेला की ह्यांनी "वाहवा हुजूर" म्हणायचं आणि भेगेत गेला की "ज़मीन ख़राब है हुजूर" म्हणायचं. ही नोकरी त्यांना मनापासून आवडायची. घरी आले की ते अंगणात रिकाम्या हातांनी काठी फिरवल्यासारखं करायचे आणि कपाळावर हात धरून लांब कुठंतरी बघायचे. लांब म्हणजे शेजाऱ्यांच्या गोठ्याकडे.

त्या वर्षी पाऊस संपून साहेबांनी काठ्यांची थैली उघडली तर मुठींचं कातडं गेलेलं. अर्ध्याला बुरशी आणि उरलेलं उंदरांनी खाल्लेलं. आणि साहेबांचा विलायतेतला जुना दोस्त हैदराबादहून खास खेळायला येणार होता. काठ्या हैदराबादला पाठवून दुरुस्त होऊन यायला वेळ नव्हता. साहेब काळजीत पडलेले ह्यांना बघवलं नाही. आमच्या ह्यांचा एक गुण होता, समोरच्याचं दुःख बघवलं नाही की ते आधी कबूल करायचे आणि मग विचार करायचे. ते म्हणाले, "हुजूर, मैं ख़ुद अपने हाथ से कर दूँगा."

आता चांभाराकडे नेल्या असत्या तर त्यानं एका दिवसात चोख करून दिल्या असत्या. तसं तो म्हणालाही. पण ह्यांनी साहेबांना 'अपने हाथ से' असा शब्द दिलेला. आणि अपने हाथ अपने घरात होते, जिथे कातडं उंबऱ्याच्या आत येत नसे. चपला बाहेर, ह्यांचा पट्टा बाहेर खुंटीला. देवळातल्या मृदंगाला कातडं चालतं, मोटेनं काढलेलं पाणी मळ्याला चालतं, मग काठीलाच काय झालं, असं मी एकदा मनात म्हटलं. मनात म्हणायला आमच्या घरी परवानगी होती.

थैली ओट्यावरच थांबली. ह्यांनी सडकं कातडं चाकूनं खरवडून काढलं, काठ्या धुतल्या, स्वतः अंघोळ केली आणि डोक्याला हात लावून बसले. सात काठ्या भिंतीला टेकून उघड्यानागड्या उभ्या. तेव्हा आत्याबाईच आतून आल्या. त्यांच्या हातात एक जुनं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं. सासरे असतानाचं. ते त्यांनी इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलेलं मला माहीत होतं, कारण दर दसऱ्याला त्या ते उन्हात टाकत आणि स्वतः राखण बसत. त्यांनी माझ्याकडून कात्री घेतली आणि माझ्या देखत काठ उभा कापून काढला.

"सुताला विटाळ न्हाई," त्या म्हणाल्या. "गुंडाळ हे. पण मुस्तकिल होऊन ये."

हे हरखले. काठाची पट्टी घेतली आणि डोक्याला रुमाल बांधावा तशी काठीला बांधली. वरून खाली, सैल, मध्येमध्ये पीळ देऊन. दिसायला छान दिसत होती. मग अंगणात उभं राहून त्यांनी साहेबांसारखी काठी फिरवली. मूठ अख्खी निसटून हातात राहिली आणि काठी शेजाऱ्यांच्या भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांत जाऊन रुतली. आत्याबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला त्या हसलेल्या दिसल्या नाहीत, पण आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

मग मी बोलले. म्हणजे नवऱ्याशी नाही, दाराच्या चौकटीशी बोलले, तशी पद्धत होती. "राळ लावल्याबिगर ते धरणार न्हाई. आन् एकानं काठी फिरवायला पायजे, दुसऱ्यानं पट्टी ताणून धरायला पायजे."

आत्याबाईंनी आतून विचार केला असावा. नवरा-बायकोनं दिवसाउजेडी ओट्यावर समोरासमोर बसणं हे बरं दिसणारं नव्हतं. पण काम सरकारी होतं. "बस जा," त्या म्हणाल्या. "पण लवकर उरका."

आम्ही लवकर उरकलं नाही. दिवस कलला की हे कचेरीतून येत आणि आम्ही ओट्यावर बसत असू. मी वाण्याकडून आणलेली राळ करडईच्या तेलात पातळ करायची, बोटाला चिकटेल पण ओघळणार नाही इतकी. ती काठीला चोपडायची. मग हे काठी मांडीवर धरून हळूहळू फिरवायचे आणि मी काठाची पट्टी ताणून, कडेवर कड चढवत वेढे घालत जायची. वेढा सैल पडला की तिथं फुगा येतो आणि हाताला टोचतो. शेवटी दोऱ्यानं बांधायचं, पण गाठ वर ठेवायची नाही. दोऱ्याचा एक फास आधी काठीवर उभा ठेवायचा, त्याच्यावरून वेढे घ्यायचे, राहिलेलं टोक फासात घालायचं आणि फास मागून ओढून घ्यायचा. टोक वेढ्यांच्या पोटात जाऊन बसतं. माझ्या माहेरी केरसुणीची मूठ अशी बांधत.

"हे तुला कसं येतंय?" हे विचारायचे, काठीकडे बघत.

"केर काढणाऱ्याला येतं," मी पट्टीकडे बघत म्हणायची.

असं आम्ही बोलत होतो. कचेरीतल्या गमती, माझ्या माहेरच्या आमराईतल्या गोष्टी, साहेबांचा चेंडू एकदा म्हशीला कसा लागला आणि म्हशीनं साहेबांकडे कसं पाहिलं. दोन वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या ओट्यावर बोललो. एखादी काठी पुरी झाली की हे ती हातात घेऊन गंभीरपणे म्हणायचे, "इथं जरा फुगा वाटायलाय." मला काही वाटत नसे. पण मी म्हणायची, "हो, हाय खरा." मग ती काठी सोडून पुन्हा पहिल्यापासून. एका काठीत तर इतक्यांदा फुगा निघाला की राळ संपली. आतून आत्याबाई म्हणायच्या, "सायबाच्या काठ्या हाईत का रावणाची लंका? सरतच न्हाईत!"

शेवटी सरल्याच. सात काठ्या, सातांना लालबुंद इरकली मुठी. भिंतीला ओळीनं उभ्या केल्यावर वाटायचं, हळदीकुंकवाला आल्यात. ह्यांचं तोंड उतरलं. साहेब आणि त्यांचा विलायती दोस्त हातात लुगड्याचा काठ धरून खेळणार! कोळसा फासून पाहिला, तो हाताला लागला. शाई लावली, ती पाण्याच्या थेंबासरशी ओघळली.

"बिब्बा लाव की," आत्याबाई म्हणाल्या. "काळं बी व्हईल, पाणी बी धरणार न्हाई."

मी चौकटीशी बोलले. "उतंल ना."

"आमच्या घराण्याला उतत न्हाई."

साहेब आपल्या घराण्यातले नाहीत, हे मी म्हणणार होते. पण त्याआधी सुई दिव्यावर धरलेली होती. आत्याबाईंनी एकेक बिब्बा टोचून तेल काढलं, करडईच्या तेलात मिसळलं, चिंधीनं मुठींना फासलं. काठ्या मी धरल्या. काळ्या कुळकुळीत झाल्या, दृष्ट लागावी अशा. मग त्या उन्हात वाळवल्या. त्याआधीच माझे तळहात लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी फोड आले, असे की भाकरी थापताना डोळ्यांतून पाणी यायचं. मी आत्याबाईंना हात दाखवले.

त्यांनी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुला उतला. तू बाहीरची हाइस." आणि आत जाऊन तीळ-खोबरं वाटून आणलं आणि स्वतः माझ्या हातांना लेप लावला.

मला राग आला. फोडांचा नाही, बाहेरची म्हटल्याचा. दोन वर्षं ह्या घराच्या पिठात माझे हात आणि तरी मी बाहेरची.

हे मात्र माझे हात बघून घाबरले. "आई, सायबाला झालं तर?"

"तिनं वलं धरलं म्हून झालं. आता वाळलंय." आत्याबाईंनी एक काठी उचलली आणि दोन्ही तळहातांनी मूठ खसाखसा चोळली. "बघ. काही झालं का?" काही झालं नव्हतं. ह्यांनीही चोळून पाहिली, त्यांनाही काही झालं नाही. पुढंही झालं नाही. ह्यांना खरंच बिब्बा उतत नसे. काही माणसांना काहीच उतत नाही.

तरी ह्यांनी समाधानासाठी सगळ्या मुठी राखेनं पुसून काढल्या आणि पहाटे थैली खांद्यावर टाकून गेले. संध्याकाळी आले ते तरंगतच. साहेबांनी काठी हातात घेतली आणि म्हणाले, "वाह पेशकारसाहब, विलायत में भी ऐसी मूठ नहीं देखी." दोस्तानंही तारीफ केली. दिवसभर खेळ रंगला. जाताना साहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता तुमच्या मुस्तकिलीचा कागद आणा, परभणी सोडायची नाही. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि शेजारी वाटली. मी पण चिमूटभर तोंडात टाकली. मग आत गेले, ट्रंक उघडली, तव्यावरची चिंधी सारखी केली आणि तिथंच बसून रडले. परभणी सोडायची नाही म्हणजे ही चूल सुटायची नाही. नवऱ्याचं भलं झालं म्हणून रडणारी बायको मी एकटीच असेन, असं वाटून आणखी रडू आलं.

साखर पोटात जिरते न जिरते तोच साहेबांचे हात पुरीसारखे फुगले. बोटं वळेनात. पेन धरता येईना आणि जिल्ह्याचं कामकाज थांबलं. वकील हसून म्हणाले म्हणे, साहेबांनी अंगठा उठवावा. पण अंगठा तर सगळ्यांत जास्त सुजलेला. दोस्तानं खेळताना त्याच हातांनी तोंडावरचा घाम पुसला होता. त्याचे डोळे मिटले ते उघडेनात. त्याला धरून स्टेशनवर नेऊन गाडीत बसवावं लागलं. हकीम आले, त्यांनी काठीच्या मुठीचा वास घेतला आणि विचारलं, हे काय लावलंत? आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नसे. ते साहेबांपुढे उभे राहिले आणि राळेपासून बिब्ब्यापर्यंत सगळं सांगितलं. लुगड्याचा काठसुद्धा. शेवटी म्हणाले, "हमारे ख़ानदान को नहीं होता हुजूर."

साहेबांनी सुजलेले हात पुढे करून बघितले. म्हणाले, "तो आपका ख़ानदान पाथरी में भी आराम से रहेगा."

पाथरी! रेल्वे नाही, धड रस्ता नाही. परभणीच्या कचेरीत पाथरीची बदली म्हणजे माणसाला मातीआड केल्यासारखंच, असं बोलत. हे कागद घेऊन घरी आले आणि ओट्यावरच बसले, जिथे काठ्या बांधल्या तिथे. मला ह्यांच्याकडे बघून वाईट वाटत होतं आणि पोटात कुठंतरी तवा वाजत होता.

त्या दिवसांत आत्याबाईंना एकाएकी भक्तीचा उमाळा आला होता. दिवसभर उजवा हात गोमुखीत आणि डावा पदराखाली घालून जप करत बसायच्या. गोमुखी म्हणजे जपमाळेची कापडी पिशवी. आत हात घातला की माळ कुणाला दिसत नाही. स्वयंपाक सगळा माझ्यावर. मीठसुद्धा मीच घालत होते. मी मनात म्हणायची, लेकाची नोकरी बुडवून आता नरसोबाला हाका मारायलेत. बदलीचं ऐकल्यावर मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "तीळ-खोबरं वाट. मला जप हाय. वाटी सायबाच्या बंगल्यावर पोचव."

मी वाटलं, ह्यांनी पोचवलं. साहेबांच्या बेगमसाहेबांनी लेप लावला आणि दोन-चार दिवसांत साहेबांच्या हातांत पेन आलं. साहेब मनानं मोठे. हात बरे झाल्यावर त्यांना सगळ्या प्रकाराचं हसू येऊ लागलं. लुगड्याचा काठ धरून आपण दिवसभर खेळलो, हे ते स्वतःच लोकांना सांगू लागले. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि म्हणाले, हुकूम फाडून टाका, इथंच राहा, मुस्तकिल करतो.

हे धावतच घरी आले. दारातून ओरडले, "आई, बदली रद्द! सायेब म्हणायलेत, ऱ्हावा!"

मी चुलीपुढे होते. हातातली भाकरी तशीच राहिली. आत्याबाई देवापुढे, हात गोमुखीत. जप थांबला.

"हुकूम निघाला व्हता का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"निघाला व्हता. पण आता..."

"गावभर झालंय. आता रद्द केला तर लोक काय म्हणतील? तेल लावून बदली रद्द केली म्हणतील." त्यांनी चुलीकडे पाहिलं. "पाथरीला मानूस मुस्तकिल होत न्हाई का?"

"होतो की. पण आई, तू तिथं कशी..."

"मी कशाला येऊ पाथरीला? मी जाते पोखर्णीला, नरसोबापाशी. तुमी दोघं जावा."

हे गोंधळून गेले. ज्या बाईनं परभणीसाठी जपलेल्या लुगड्याला कात्री लावली, ती आता पाथरीला जा म्हणत होती. मलाही काही कळेना. मी भाकरी तव्यावर टाकली आणि ती उलटायचं विसरले.

निघायच्या दिवशी सकाळी बैलगाडी दाराशी आली. हे सामान बांधून गाडीत ठेवत होते. साहेबांनी त्या काळ्या मुठींच्या काठ्यांतली एक आठवण म्हणून ह्यांना दिली होती, ती हे कुठं ठेवावी म्हणून चारदा इकडून तिकडं हलवत होते. मी आत पिठाचा डबा बांधत होते. आत्याबाई माझ्या ट्रंकेपाशी गेल्या, वाकल्या आणि तळाशी हात घालून चिंधीतला तवा काढला. त्यांना तो कधीपासून माहीत होता, कोण जाणे. तवा जड. तो माझ्या हातात देण्यासाठी त्यांना दोन्ही हात लागले आणि इतक्या दिवसांनी त्यांचा उजवा हात मी उघडा पाहिला.

तळहाताची कातडी सोलून निघालेली. नवी कातडी गुलाबी, लहान मुलाची असते तशी. बोटांच्या बेचक्यांत अजून खपल्या. डाव्या हाताचंही तेच. मी तव्याकडे बघायचं सोडून त्याच हातांकडे बघत राहिले.

"आत्याबाई, हे..."

"मला बी उततो गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाहेर लेकाला ऐकू जाऊ नये म्हणून. "सेलूहून नवी आले तवा कोपरापर्यंत उतला व्हता. सासूबाईंला हात दाखवला. त्या म्हणल्या, आमच्या घराण्याला उतत न्हाई, तू बाहीरची. मग पुन्हा उतला तवा मी म्हणलं, न्हाई उतला." त्यांनी तव्यावरची चिंधी नीट केली. "किती वर्षं झाली, न्हाईच उतला."

दोन वर्षांत पहिल्यांदा मला ही बाई आपली वाटली आणि तीही नेमकी गाडी दाराशी उभी असताना.

"तिथं चूल तुझी हाय," त्या म्हणाल्या. "उतला तर उतला म्हणायचं." आणि बाहेर आवाज देऊन लेकाला म्हणाल्या, "आरं ती काठी आडवी ठेव, बैलाच्या डोळ्यात जाईल!"

पाथरीला पोचलो त्या संध्याकाळी मी तीन दगड मांडले आणि माझा तवा ठेवला. पिठात मीठ मीच घातलं. नव्या तव्याला तेल कमी पडलं असेल किंवा माझं लक्ष नसेल, पहिली भाकरी एका बाजूनं काळी झाली. दुसरं काही नव्हतं म्हणून तीच अर्धी अर्धी केली आणि आम्ही समोरासमोर बसलो. मी पहिल्यांदाच ह्यांना जेवताना नीट पाहत होते. ह्यांनी एक घास घेतला, चावला, माझ्याकडे पाहिलं आणि बरी झालीय म्हणायला तोंड उघडलं.

"करपली असली तर करपली म्हणा," मी म्हटलं.

"करपलीय," हे म्हणाले आणि दुसरा घास घेतला.